ट्रेझरी बिलात बचत गुंतवताना: आधी तारीख, मग खाते, शेवटी बोली

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास येणारे फोन मला आता सवयीचे झाले आहेत. समोरच्याकडे मुदत ठेव मोडून आणलेले दोन-तीन लाख रुपये तयार असतात, आज ट्रेझरी बिलांचा लिलाव आहे हे त्याने कुठेतरी वाचलेले असते आणि प्रश्न एकच असतो: बोली कुठे लावायची? खाते उघडलेले आहे का, असे विचारले तर कळते की अर्ज कालच भरला आहे. पैसे नेमके कधी लागणार आहेत, असे विचारले तर उत्तर येते, "बघू, नंतर ठरवू." भारत सरकार थोड्या मुदतीचे कर्ज घेण्यासाठी विकते ती ट्रेझरी बिले, म्हणजे टी-बिले, सामान्य माणसाला रिझर्व्ह बँकेचे 'रिटेल डायरेक्ट' खाते उघडून थेट घेता येतात आणि प्रक्रिया मुळीच अवघड नाही. तरीही तिचा क्रम उलटा धरला की पैसे अडकतात, आठवडे वाया जातात किंवा नको त्या मुदतीचे बिल हाती येते. म्हणून हा लेख क्रमानेच वाचावा आणि एका टप्प्यावरची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नये.

टप्पा १: पैसे कधी लागणार, ती तारीख कागदावर लिहा

टी-बिल ९१, १८२ आणि ३६४ दिवसांचे असते. या तिन्ही संख्यांना सातने पूर्ण भाग जातो. लिलाव साधारणपणे बुधवारी होतो, पैशांचा व्यवहार दुसऱ्या दिवशी म्हणजे गुरुवारी पूर्ण होतो आणि तेरा, सव्वीस किंवा बावन्न आठवड्यांनी पुन्हा गुरुवारीच मुदत संपते. सुट्टी आली तर वार मागे-पुढे होतो. पण एवढे ध्यानात ठेवले की कॅलेंडर समोर घेऊन आपले आपल्यालाच ठरवता येते की आजच्या लिलावातले पैसे कोणत्या गुरुवारी परत येतील.

आता बचतीचे तीन भाग करा. पहिला भाग घरातल्या अचानक येणाऱ्या खर्चाचा, म्हणजे दवाखाना, गावाकडचा तातडीचा प्रवास, गाडीची दुरुस्ती. हा पैसा टी-बिलात अजिबात घालू नका, तो बचत खात्यात किंवा लगेच मोडता येईल अशा ठेवीतच राहू द्या. दुसरा भाग तारीख ठरलेल्या खर्चाचा: मुलीच्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची फी, बिल्डरला द्यायचा पुढचा हप्ता, दिवाळीनंतरचे लग्नकार्य. टी-बिल खऱ्या अर्थाने याच पैशासाठी आहे. तिसरा भाग पाच-सात वर्षे हात लावायचा नाही असा. त्यासाठी टी-बिल हे योग्य साधन नव्हे, त्याचा विचार लेखाच्या शेवटी केला आहे.

दुसऱ्या भागातल्या प्रत्येक रकमेसमोर ती लागण्याची तारीख लिहा आणि त्या तारखेच्या किमान आठ दिवस आधी मुदत संपणारे बिल निवडा. फी भरण्याची शेवटची तारीख सोमवार आणि बिलाची मुदत त्याआधीचा गुरुवार, असा काटेकोर हिशेब बसवणारी माणसे मी पाहिली आहेत. मधे एखादी बँक सुट्टी आली किंवा लिंक केलेल्या, म्हणजे गुंतवणुकीला जोडलेल्या बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे वळवताना काही अडचण आली की त्यांची धावपळ होते.

इशारा: केवळ टी-बिल घ्यायचे म्हणून चालू मुदत ठेव मोडू नका. जास्त दराने आधीच बांधलेली ठेव मोडली की व्याजदर कमी धरला जातो आणि बहुतेक ठिकाणी दंडही लागतो. ठेवीची मुदत संपू द्या आणि मग त्या पैशाचा विचार करा.

ठेव की टी-बिल, हा प्रश्न रकमेवरही अवलंबून आहे. एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सर्व ठेवींना मिळून, व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंतच ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना तर हे विमा संरक्षण मुळीच नाही. आपल्याकडे निवृत्तीचे सगळे पैसे गावातल्या एकाच पतसंस्थेत किंवा एकाच सहकारी बँकेत ठेवणारी कुटुंबे खूप आहेत, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांची वाटते. टी-बिल हे भारत सरकारचे स्वतःचे कर्ज असल्याने त्याला अशी पाच लाखांची मर्यादा लागू होत नाही. तुमची रक्कम या मर्यादेत बसत असेल आणि चांगली बँक टी-बिलापेक्षा जास्त व्याज देत असेल, तर मात्र ठेव ठेवण्यात काहीच गैर नाही.

टप्पा २: नावे जुळवून घ्या

जवळजवळ सर्व अर्ज अडतात ते इथे. या टप्प्याला लोक पाच मिनिटे देतात, मी एक पूर्ण दिवस द्यायला सांगते.

माझ्या आईचे खाते उघडताना घडलेली गोष्ट सांगते. पॅनवर तिचे नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव असा क्रम होता. बँकेच्या पासबुकात आडनाव आधी होते आणि वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर होते. आधार कार्डावर तिच्या नावापुढे "बाई" जोडलेले होते, कारण गावातल्या नोंदणीच्या वेळी समोरच्या माणसाने तसेच लिहून घेतले आणि कोणी हरकत घेतली नाही. तिन्ही कागद एकाच बाईचे, पण संगणकाच्या दृष्टीने तीन वेगळ्या व्यक्तींचे. अर्ज दोनदा परत आला. शेवटी आधी आधारवरचे नाव दुरुस्त केले, मग बँकेत केवायसी नव्याने करून घेतली आणि तेव्हा कुठे खाते उघडले. यात तीन बुधवार गेले.

म्हणून अर्ज उघडण्यापूर्वी पॅन, आधार आणि पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अक्षर लावून वाचा. लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव, "राव" आणि "बाई", आडनाव पुढे की मागे, मधले नाव पूर्ण की आद्याक्षर, आणि जन्मतारीख. जुन्या पिढीत शाळेच्या दाखल्यावरची आणि आधारवरची जन्मतारीख वेगळी असण्याचे प्रमाण मोठे आहे. फरक सापडला तर पॅनवरचे नाव बरोबर आहे ना ते आधी पाहा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या, कारण करविषयक सगळे व्यवहार पॅनवरच चालतात.

त्यानंतर बँक खात्याकडे वळा. दोन वर्षांहून अधिक काळ तुम्ही स्वतः कोणताही व्यवहार न केलेले खाते बँक निष्क्रिय ठरवते. अशा जुन्या खात्याचा क्रमांक अर्जात देऊ नका. ज्या खात्यात पगार किंवा पेन्शन येते, ज्याला तुमचा सध्याचा मोबाइल जोडलेला आहे आणि ज्यावर नेटबँकिंग किंवा यूपीआय चालते, तेच खाते द्या. मुदतपूर्तीचे पैसे याच खात्यात येणार आहेत.

तपासणी: पॅन आणि आधार एकमेकांशी जोडलेले आहेत का? आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक आज तुमच्या हातात असलेल्या फोनचाच आहे का? ईमेल तुम्ही स्वतः उघडू शकता का, की तो मुलाने करून दिलेला आहे आणि पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक आहे? या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: रिटेल डायरेक्ट खाते उघडा

रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट ही योजना नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे आणि मे २०२४ पासून तिचे मोबाइल अ‍ॅपही आहे. खाते उघडण्याला आणि चालवण्याला शुल्क नाही, बोली लावण्यालाही नाही. पैसे भरताना पेमेंट गेटवेचे काही शुल्क असल्यास तेवढेच तुमच्याकडे येते. हे खाते एकट्याच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने उघडता येते. परकीय चलन कायद्याच्या नियमांत बसणाऱ्या अनिवासी भारतीयांनाही ते उघडता येते, त्यामुळे परदेशी स्थायिक झालेली मुले स्वतःच्या नावाने वेगळे खाते काढू शकतात. आईवडिलांच्या खात्यात स्वतःचे पैसे घालण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा: आरबीआयरिटेलडायरेक्ट डॉट ओआरजी डॉट इन. कोणी पाठवलेल्या मेसेजमधील दुव्यावरून तिथे जाऊ नका. "रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमचे खाते सुरू करून देतो, ओटीपी सांगा," असे म्हणणारा माणूस रिझर्व्ह बँकेचा नसतो, एवढे घरातल्या ज्येष्ठांना दोनदा समजावून सांगा.

अर्जात वारसाची नोंद करायची असते आणि जास्तीत जास्त दोन वारस नेमता येतात. ही नोंद "नंतर करू" म्हणून सोडू नका. वारसाचे नाव त्याच्या कागदपत्रांवर जसे आहे तसेच लिहा. "बंटी", "ताई" अशी घरातली नावे लिहिलेले अर्ज मी पाहिले आहेत, आणि पुढे त्याचा त्रास कोणाला होतो हे सांगायला नको.

खाते मंजूर झाल्याचा ईमेल आल्यावर एकदा लॉगिन करून बाहेर या. पैसे इतक्यात हलवू नका. बँक खात्याचा क्रमांक, आयएफएससी आणि वारसाची नोंद या तीन गोष्टी पडद्यावर बरोबर दिसतात का, हे वाचा आणि त्या पानाची प्रत ठेवा.

टप्पा ४: किंमत आणि परतावा यांचा हिशेब हाताने करून पाहा

टी-बिलावर व्याज मिळत नाही. ते दर्शनी किमतीपेक्षा कमी किमतीला विकले जाते आणि मुदतीअंती पूर्ण दर्शनी किंमत मिळते. या दोहोंमधला फरक हीच तुमची कमाई. उदाहरणासाठी ९१ दिवसांच्या बिलाची किंमत प्रत्येक १०० रुपयांमागे ९८.६५ रुपये धरू. दर्शनी किंमत १ लाख रुपये असलेल्या बिलासाठी तुम्ही ९८,६५० रुपये दिले आणि ९१ दिवसांनी १,००,००० रुपये मिळाले, म्हणजे १,३५० रुपये सुटले.

वार्षिक परतावा काढताना १,३५० ला ९८,६५० ने भागा, कारण तुमच्या खिशातून तेवढेच गेले आहेत. मग ३६५ ने गुणा आणि ९१ ने भागा. उत्तर सुमारे ५.४९ टक्के येते. इथे दोन चुका नेहमी होतात. काही जण १,३५० ला १ लाखाने भागतात आणि परतावा ५.४१ टक्के धरून बसतात. काही जणांना १.३५ हाच आकडा वर्षाचा वाटतो आणि ते निराश होऊन खाते बंद करायला निघतात. दोघांचेही गणित चुकले आहे, बिलात काहीच वावगे नाही.

तुलना करताना मुदत सारखी ठेवा. ९१ दिवसांच्या बिलाची तुलना तीन महिन्यांच्या ठेवीशी आणि ३६४ दिवसांच्या बिलाची एका वर्षाच्या ठेवीशी. तीन महिन्यांच्या बिलापुढे पाच वर्षांच्या ठेवीचा दर ठेवून "बँकच जास्त देते" असे म्हणणे म्हणजे भाड्याच्या खोलीची तुलना विकत घेतलेल्या घराशी करणे.

तपासणी: मागच्या बुधवारच्या लिलावात ठरलेल्या किमती रिझर्व्ह बँकेच्या प्रसिद्धिपत्रकात असतात. त्यातली एक किंमत घेऊन वरील हिशेब वहीत करा. पत्रकात दिलेल्या परताव्याशी तुमचे उत्तर जुळले, तरच पुढे या.

टप्पा ५: बोली लावा

लहान गुंतवणूकदाराला किंमत सांगावी लागत नाही. आपली बोली नॉन-कॉम्पिटिटिव्ह असते: आपण फक्त किती दर्शनी किमतीचे बिल हवे ते सांगतो, किंमत बँका आणि मोठ्या संस्थांच्या बोलींवरून ठरते आणि आपल्याला लिलावातल्या भारित सरासरी किमतीने, म्हणजे मोठ्या बोलीला जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीने, बिल मिळते. त्यामुळे "आज दर चांगला लागेल का" असा घोर लावून घेण्याची गरज नाही.

कोणत्या आठवड्यात कोणत्या मुदतीची किती बिले येणार, याचे तिमाही वेळापत्रक रिझर्व्ह बँक आधीच जाहीर करते. तुमच्या आठवड्याचा लिलाव संकेतस्थळावर दिसू लागला की तिथे दिलेली बोलीची अंतिम वेळ वाचा आणि आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम उरका. बुधवारच्या सकाळवर भरवसा ठेवू नका.

बिलाच्या नावाकडे नीट पाहा. "९१ डीटीबी १२०३२०२६" असे ते दिसते. पहिला आकडा दिवसांचा आणि शेवटचे आठ आकडे मुदतपूर्तीच्या तारखेचे, म्हणजे १२ मार्च २०२६. अनेकांना ती लिलावाची तारीख वाटते. पहिल्या टप्प्यात कागदावर लिहिलेली तारीख आणि ही तारीख शेजारी ठेवून मगच पुढे जा. एकाच दिवशी तिन्ही मुदतींची बिले यादीत एकाखाली एक येतात आणि घाईत ९१ ऐवजी ३६४ ची ओळ निवडली जाते. ज्या घरची फी तीन महिन्यांनी भरायची आहे, त्या घरात ही चूक फार महागात पडते.

रक्कम लिहिताना किमान १०,००० रुपये आणि पुढे १०,००० च्या पटीत दर्शनी किंमत लिहायची. तुमच्या खात्यात ५०,००० रुपये असतील तर दर्शनी किंमत ५०,०००च लिहा, प्रत्यक्षात त्यापेक्षा थोडे कमी लागतील. लिलावाआधी नेमकी किंमत कोणालाच ठाऊक नसते, म्हणून भरायची रक्कम अंदाजे किमतीवर काढलेली असते आणि जास्तीचे पैसे नंतर परत येतात. एका बिलासाठी एकच बोली लावता येते. त्यामुळे आधी थोडे आणि मग थोडे असे करत बसू नका, पूर्ण आकडा ठरवूनच सुरुवात करा.

पैसे भरण्याचे दोन मार्ग आहेत. नेटबँकिंगने भरले तर रक्कम बोलीच्या वेळीच खात्यातून जाते. यूपीआयमध्ये रक्कम खात्यातच रोखून ठेवण्याची सोय आहे, बिल मिळाल्यावरच ती वजा होते आणि तोवर बचत खात्याचे व्याज चालू राहते. या योजनेसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाख रुपये आहे, त्याहून मोठ्या रकमेला नेटबँकिंग वापरा. यूपीआय वापरताना फोनवर येणारी मंजुरीची विनंती लगेच स्वीकारावी लागते. संकेतस्थळावर बोली "नोंदली" असे दिसले म्हणून फोन बाजूला ठेवणारे आणि विनंतीची वेळ संपल्यावर चौकशी करणारे दर आठवड्याला भेटतात.

इशारा: पैसे लिंक केलेल्या खात्यातूनच भरा. मुलाच्या किंवा भावाच्या खात्यातून भरण्याचा खटाटोप करू नका.

टप्पा ६: बिल मिळाले का, ते पाहा

गुरुवारी संध्याकाळी लॉगिन करून शिल्लक पाहा. बिलाचे नाव, दर्शनी किंमत आणि प्रत्यक्ष लागलेली किंमत अशा तीन गोष्टी वहीत उतरवा. जास्तीचे पैसे बँकेत परत आले का, तेही पासबुकावरून तपासा. मागणी जास्त झाल्यास प्रमाणात वाटप होते, त्यामुळे मागितल्यापेक्षा कमी मिळणे शक्य आहे. अशा वेळी उरलेले पैसे परत येतात आणि पुढच्या बुधवारची वाट पाहायची असते.

मुदतपूर्तीच्या वेळी तुम्हाला काहीही करावे लागत नाही. कुठे जायचे नाही, अर्ज करायचा नाही. पूर्ण दर्शनी किंमत लिंक केलेल्या खात्यात जमा होते. तो दिवस सुट्टीचा निघाला तर पैसे आदल्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. तुमच्याकडून एवढेच हवे की मधल्या काळात ते बँक खाते बंद करू नका. बँक बदलायची असेल तर आधी रिटेल डायरेक्टमध्ये नवे खाते नोंदवा, तो बदल मंजूर झाल्याचे पाहा आणि मगच जुने खाते बंद करा.

टप्पा ७: एकाच बुधवारी सगळे पैसे लावू नका

ज्यांना उत्पन्नाचा प्रवाह हवा आहे त्यांनी, विशेषतः निवृत्तांनी, रक्कम तुकड्यांत लावावी. समजा ३ लाख रुपये आहेत. या महिन्यात १ लाखाचे ९१ दिवसांचे बिल, पुढच्या महिन्यात दुसरे, त्यापुढच्या महिन्यात तिसरे. चौथ्या महिन्यात पहिले बिल सुटते आणि त्या पैशातून नवे घेता येते. यापुढे जवळजवळ दर महिन्याला एक लाख हाताशी येतात. गरज पडली तर ते वापरायचे, नाहीतर पुन्हा गुंतवायचे. दर खाली-वर झाले तरी सगळी रक्कम एकाच दराला बांधलेली राहत नाही.

हे दर वेळी आठवणीने करणे जमत नसेल, तर रिटेल डायरेक्टमध्ये ऑगस्ट २०२५ पासून टी-बिलांसाठी आपोआप बोली लावण्याची सोय आहे, तीत नवी गुंतवणूक आणि सुटलेल्या पैशांची फेरगुंतवणूक दोन्ही नोंदवता येतात. ही सोय वापरा, पण पहिल्या दोन-तीन बोली स्वतःच्या हाताने लावून झाल्यावरच. आणि तारीख ठरलेल्या खर्चाच्या पैशावर फेरगुंतवणूक चुकूनही लावू नका. नाहीतर फीसाठी ठेवलेले पैसे ऐन महिन्यात पुढच्या तेरा आठवड्यांसाठी निघून जातात.

टप्पा ८: मुदतीआधी विकण्याची वेळ आली तर

टी-बिल बँकेच्या ठेवीसारखे मोडता येत नाही, ते बाजारात विकावे लागते. रिटेल डायरेक्टमधूनच रिझर्व्ह बँकेच्या एनडीएस-ओएम या व्यवहार प्रणालीवर विक्री करता येते. पण लहान रकमेला ग्राहक लगेच मिळेलच असे नाही आणि मिळाला तरी किंमत त्या दिवसाच्या दरावर ठरते.

तोटा किती होऊ शकतो? मुदत संपायला ६० दिवस राहिले आहेत आणि बाजारातला दर ५.५ वरून ६ टक्क्यांवर गेला आहे असे धरू. दर चढला की नवी बिले स्वस्तात मिळतात, म्हणून तुमच्या जुन्या १ लाखाच्या बिलाची किंमत सुमारे ९९,१०४ वरून ९९,०२३ वर येईल, म्हणजे साधारण ८१ रुपयांचा फरक. दर अर्ध्या टक्क्याने चढूनही टी-बिलाला एवढीच झळ लागते. म्हणजे टी-बिलात किमतीची भीती थोडी असते, अडचण असते ती ग्राहक वेळेवर मिळण्याची. पहिल्या टप्प्यात अचानक लागणारा पैसा बाजूला ठेवायला सांगितला, तो याच कारणाने.

टप्पा ९: कराचे पैसे वेगळे काढा

टी-बिलाच्या कमाईवर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. निवासी व्यक्तीला ही कमाई मिळताना त्यातून कर कापला जात नाही, आणि नेमकी इथेच चूक होते. मुदत ठेवीत बँक कर कापते, म्हणून माणसाच्या लक्षात राहते. टी-बिलाचे पैसे पूर्ण येतात, म्हणून ते करमुक्त आहेत असा समज होतो. ते करमुक्त नाहीत.

सहाव्या टप्प्यात वहीत लिहिलेले आकडे आता उपयोगी पडतात. प्रत्येक बिलासमोर खरेदी किंमत, मिळालेली रक्कम, फरक आणि मुदतपूर्तीची तारीख असली की विवरणपत्र भरताना शोधाशोध होत नाही. ही कमाई विवरणपत्रात कोणत्या सदरात दाखवायची, हे आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारून ठरवा आणि दरवर्षी तसेच चालू ठेवा. वर्षाचा देय कर कापलेला कर वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत आगाऊ कराचे हप्ते भरावे लागतात, न भरल्यास व्याज लागते. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठांना आगाऊ करातून सूट आहे. पण सूट फक्त हप्त्यांतून आहे, विवरणपत्र भरताना कर द्यावाच लागतो.

पाच-सात वर्षांच्या पैशासाठी

पहिल्या टप्प्यातल्या तिसऱ्या भागाचे पैसे वर्षानुवर्षे टी-बिलातच फिरवत राहणे योग्य नाही, कारण दर उतरले की प्रत्येक फेरीत कमी मिळत जाते.

साठीच्या पुढच्या व्यक्तीने आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार करावा. टपाल कार्यालयात किंवा बँकेत ती मिळते, मुदत पाच वर्षे, कमाल ३० लाख रुपये, व्याज दर तीन महिन्यांनी. २०२५ साली तिचा दर ८.२ टक्के होता आणि त्या काळात टी-बिले त्याच्या बरीच खाली होती. असे असताना ज्येष्ठांनी ही मर्यादा न वापरता टी-बिलांकडे वळणे मला पटत नाही. दर तिमाहीला सरकार आढावा घेते, म्हणून खाते उघडण्याच्या दिवशीचा दर विचारून घ्या. एकदा खाते उघडले की तो दर पाच वर्षे कायम राहतो.

भारत सरकारचे बदलत्या दराचे बचत रोखे सात वर्षांचे असतात. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्के जास्त असतो आणि १ जानेवारी व १ जुलैला नव्याने ठरतो. ते रिटेल डायरेक्टमधूनही घेता येतात. मात्र ते बाजारात विकता येत नाहीत आणि मुदतीआधी पैसे फक्त ज्येष्ठांनाच, तेही अटींवर मिळतात. चाळिशीतल्या माणसाने सात वर्षे हे पैसे नाहीतच असे समजून ते घ्यावेत.

केंद्राचे दीर्घ मुदतीचे रोखे आणि राज्यांचे रोखे त्याच खात्यात, तशाच बोलीने मिळतात. केंद्राच्या रोख्यांचा लिलाव बहुधा शुक्रवारी आणि राज्यांचा मंगळवारी होतो. महाराष्ट्र शासनाचे रोखे यात नियमित येतात. व्याज सहामाही जमा होते. इथे मात्र टी-बिलावरचा अनुभव गृहीत धरू नका. ६.५ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा तुम्ही १ लाखाला घेतला आणि बाजारातला दर लगेच ७.५ टक्के झाला, तर त्या दिवशी त्याची किंमत सुमारे ९३,००० रुपयांवर येईल. मुदतीपर्यंत ठेवणार असाल तर हा तोटा कागदावरच राहतो, मधेच विकावा लागला तर तो खरा होतो. त्यामुळे या रोख्यांतही तारखेचाच कागद आधी हवा: मुलाच्या उच्च शिक्षणाचे वर्ष २०३५ असेल तर २०३५ च्या आसपास सुटणारा रोखा घ्या, २०६५ चा नको, त्याचा दर थोडा जास्त दिसला तरी.

शेवटचे एक काम खात्याबाहेरचे आहे. या सगळ्याची नोंद फक्त तुमच्या ईमेलमध्ये असते. घरी पासबुक येत नाही, पावती येत नाही. म्हणून एका कोऱ्या कागदावर रिटेल डायरेक्ट खात्याचा क्रमांक, जोडलेल्या बँकेचे नाव, वारसांची नावे आणि चालू बिलांच्या मुदतीच्या तारखा लिहा, तो घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा आणि फाइल कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या एका माणसाला दाखवा. पासवर्ड त्या कागदावर लिहू नका. नवे बिल घेतले की जुनी तारीख खोडून नवी लिहा.